विश्लेषण : गळ कधी टाकायचा नाही? औंध-आटपाडीच्या पाण्यावरचे वर्षभराचे धडे

मासा कसा पकडावा, हे सांगणारे व्हिडीओ मोबाइलवर भरपूर आहेत. पण गळ टाकून बसणाऱ्याला एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत, पाणी जे शिकवते ते वेगळेच असते. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात, जुन्या औंध संस्थानाच्या मुलखात, हे शिक्षण आणखी कडक आहे. इथे पाणी थोडे, ते टिकते त्याहून थोडे. त्यामुळे गळ कुठे टाकायचा यापेक्षा तो कधी टाकायचा नाही, हे इथे आधी शिकावे लागते.

दुष्काळी पट्ट्यात मासेमारी कुठे होते?

औंध संस्थान हे सलग नव्हते. खटाव तालुक्यातील औंध, सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि कुंडल असे त्याचे तुकडे दूर-दूर पसरलेले होते. यातला मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर खटाव-माणच्या बाजूला तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. त्यातलाही बराच पाऊस परतीचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमधला.

तरीही इथे पाणवठे आहेत. खटावमधून वाहणारी येरळा पुढे सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळते. तिच्यावर नेरचा ब्रिटिशकालीन तलाव आणि येरळवाडीचे धरण आहे. माणगंगा मात्र पूर्वेकडे जाऊन भीमेला मिळते. तिच्यावर म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव आहे. याशिवाय पाझर तलाव, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि शेततळी आहेत. अलीकडच्या काळात टेंभू, ताकारी, उरमोडी आणि जिहे-कठापूर या योजनांचे पाणीही या भागात पोहोचले आहे.

म्हणजे इथल्या गळवाल्याला दोन प्रकारचे पाणी वाचावे लागते. एक पावसाचे आणि दुसरे आवर्तनाचे. तलावाची पातळी ढगांवर ठरते, तशी ती पंप कधी सुरू होतात यावरही ठरते.

गळाचा छंद किती जुना?

गळाचा छंद इंग्रज साहेबांनी आणला, असा समज आहे. तो अर्धाच खरा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. ग्रंथाचा काळ साधारण इ.स. ११२९. मराठी पद्यरचनेचे अगदी जुने नमुने याच ग्रंथात मिळतात, म्हणून अभ्यासकांना तो परिचित आहे. ‘मत्स्यविनोदा’त माशांचे प्रकार, त्यांना चारा घालून एका जागी आणण्याची रीत, काठी, दोरी, गळ आणि माशागणिक बदलणारे आमिष यांची चर्चा आहे. आज दुकानात चाऱ्याचे पाकीट विकत घेणारा माणूस नऊशे वर्षांपूर्वीचेच काम करतो.

पुढे कर्नल विल्यम साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद केली. १८३९ मध्ये त्याने अनेक जातींना शास्त्रीय नावे दिली आणि ती देताना स्थानिक मराठी नावेच उचलली. खुद्री, कोळस, मुसुल्ला, नुक्ता ही नावे अशी विज्ञानात गेली. दख्खनी महसीर आजही शास्त्रज्ञांसाठी ‘टॉर खुद्री’ आहे. यातल्या काही जाती आता जागतिक लाल यादीत आहेत आणि नदीकाठच्या नव्या पिढीला त्यांची नावेही ओळखीची राहिलेली नाहीत.

पावसाळ्याचा धडा काय?

पहिला जोराचा पाऊस झाला, ओढ्याला गढूळ पाणी आले की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात. कोकणात या ‘चढणीच्या माशां’चा मोठा उत्सव असतो. देशावरही ओढ्या-बंधाऱ्यांवर त्या दिवसांत गर्दी होते. मासा त्या वेळी सहज हाती लागतो, कारण त्याचे लक्ष खाण्याकडे नसते. तो अंडी घालण्यासाठी निघालेला असतो.

इथेच पहिला धडा मिळतो. जून-जुलैत पोट फुगलेली मादी पकडणे म्हणजे एक मासा पकडणे नव्हे. मोठ्या कार्प माशांच्या एका मादीच्या पोटात लाखाच्या घरात अंडी असतात. त्यातली फार थोडी जगतात हे खरे, पण ती थोडीच पुढच्या वर्षीचा मासा असतात. समुद्रात महाराष्ट्राची पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, तिच्यामागचे एक कारण हेच. ओढ्यावर पहारा द्यायला कोणी नसते. तिथे बंदी माणसाने स्वतःच पाळायची.

मरळीचे उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. मरळ पावसाळ्यात काठाच्या गवतात अंडी घालते आणि नर-मादी पिल्लांची राखण करतात. पिल्लांचा तांबूस-नारिंगी थवा पाण्याच्या पृष्ठभागावर हलताना दिसतो आणि त्याच्या खालीच आई-बाप असतात. थव्याजवळ बेडकासारखे दिसणारे आमिष टाकले की मरळ त्यावर झडप घालते. ती भुकेने नव्हे, पिल्लांना वाचवण्यासाठी. ती गळाला लागली की राखण संपते आणि बाकीचे मासे काही वेळात थवा फस्त करतात. म्हणून जाणकार लाल थवा दिसला की तिथून काठी उचलतात.

पाणी भरल्यावर मासा कुठे जातो?

परतीच्या पावसाने तलाव भरला की अनेकांना वाटते, आता मासा भरपूर लागेल. होते उलटे. पाणी पसरते, मासा विखुरतो. नव्याने बुडालेल्या गवतात, बाभळीच्या बुंध्यांत त्याला भरपूर खाद्य मिळते. मग गांडुळाकडे तो कशाला बघेल?

या काळात थर ओळखायला शिकावे लागते. तलावात सोडलेल्या तीन माशांच्या तोंडाची ठेवण पाहिली तरी अर्धे काम होते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळ तळाशी खातो. त्यामुळे तरंगत्या बुचापासून गळापर्यंतची दोरी किती सोडायची, यावर कोणता मासा लागणार हे बरेचसे ठरते. कणकेची गोळी तीच, तंगूस तोच. फक्त हातभर खोली बदलली की निकाल बदलतो.

दुसरी खूण वाऱ्याची. वारा वरच्या थरातले सूक्ष्म खाद्य ढकलत एका काठाला नेतो. सलग काही तास एकाच दिशेने वारा असेल, तर वाऱ्याच्या समोरचा, लाटा आपटणारा काठ अधिक फायद्याचा. तिथे बसणे गैरसोयीचे असते, तोंडावर वारा येतो, म्हणून बहुतेक जण पाठीमागच्या शांत काठावर बसतात आणि रिकाम्या हाताने उठतात.

हिवाळ्यात मासा लागत नाही, की लवकर लागत नाही?

मासा थंड रक्ताचा. पाणी गार झाले की त्याची पचनक्रिया मंदावते, भूक कमी होते. खटाव-माणच्या माळावर डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते. उन्हाळ्यात पहाटे पाचला तलावावर जाणारा माणूस त्याच सवयीने जानेवारीत गेला, तर कुडकुडण्यापलीकडे हाती काही लागत नाही. या दिवसांत सकाळी दहानंतर, उथळ आणि उन्हाच्या काठावर, पाणी जरा तापल्यावर मासा हलतो. आमिष लहान हवे, गळ बारीक हवा आणि दोरी हलकी हवी, कारण ओढही हलकी असते.

जानेवारी ते मार्चच्या दरम्यान काठाच्या पाणवनस्पतींत पहाटे खळबळ दिसली, तर ती बहुधा सायप्रिनसची. हा मासा स्थिर पाण्यातही अंडी घालतो आणि त्याची चिकट अंडी वनस्पतींना चिकटून राहतात. गळ अडकतो म्हणून काठावरचे गवत उपटून टाकणारे असतात. ते गवतासोबत अंडीही काठावर फेकतात.

याच दिवसांत मायणी-येरळवाडीच्या परिसरात फ्लेमिंगो आणि इतर स्थलांतरित पक्षी येतात. तुटलेला तंगूस काठावर टाकला तर तो वर्षानुवर्षे कुजत नाही. पक्ष्याच्या पायात, चोचीत तो अडकतो. शिशाचे वजन गिळले तर पाणपक्ष्याला विषबाधा होते. म्हणून तुटलेली दोरी खिशात घालून घरी नेणे हा हिवाळ्याचा साधा पण महत्त्वाचा धडा.

उन्हाळ्यात मासा जास्त असतो का?

मार्चनंतर तलाव आटू लागतो. एप्रिल-मेमध्ये नदीत डोह उरतात आणि तलावाच्या मध्यावर एक डबके राहते. या काळात गळाला मासा पटापट लागतो आणि ‘यंदा मासा भरपूर आहे’ अशी बातमी गावभर होते. हा वर्षातला सर्वात मोठा गैरसमज. मासा वाढलेला नसतो, पाणी कमी झालेले असते. वर्षभर मोठ्या तलावात पसरलेले सगळे मासे एका कोपऱ्यात दाटलेले असतात.

त्यातच त्यांचा श्वास कोंडत असतो. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. हिरव्या शेवाळाने भरलेल्या पाण्यात रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरते, त्यामुळे पहाटे पातळी सर्वात खाली जाते. सूर्योदयाला मासे पृष्ठभागावर तोंड उघडून गटागटा हवा घेताना दिसतात, ते भुकेले नसतात, गुदमरलेले असतात. मरळीला बाहेरची हवा घेता येते म्हणून ती चिखलाच्या डबक्यातही तग धरते. रोहू-कटल्याला ते जमत नाही.

अशा वेळी मासा पकडून परत सोडला तरी तो जगेल याची खात्री नसते. गळाशी झुंजताना तो थकतो आणि दम भरून काढायला पाण्यात प्राणवायू नसतो. म्हणून ‘पकडा आणि सोडा’ हा नियम पाळणारे अनेक हौशी मासेमार कडक उन्हाळ्यात गळच बाजूला ठेवतात. मेअखेरीस डोहात उरलेले मासे हे पुढच्या वर्षाचे बियाणे असते. पेरणीसाठी राखलेले बी शेतकरी शिजवून खात नाही. तोच हिशेब इथे लावायचा.

आपला मासा कोणता, पाहुणा कोणता?

वर्षभर गळ टाकणाऱ्याच्या पिशवीत काय येते, यावरून नदीचा इतिहास कळतो. रोहू, कटला, मृगळ हे आपण ‘गावचे मासे’ समजतो, पण ते मुळात गंगेच्या खोऱ्यातले. बंदिस्त तलावात ते सहसा अंडी घालत नाहीत. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे संप्रेरकाच्या साहाय्याने कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांचा रस्ता खुला झाला. आज तलावात दरवर्षी बोटुकली सोडली जाते ती याच तंत्राने. म्हणजे तलावातला रोहू हा कोणीतरी पैसे मोजून सोडलेला असतो.

चिलापी म्हणजे तिलापिया १९५२ मध्ये भारतात आला. तो अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो, वर्षातून अनेकदा वाढतो आणि इतरांची जागा व्यापतो. आफ्रिकन मांगूर तर त्याहून आक्रमक. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. घरातल्या काचेच्या टाकीतला सकर मासा कंटाळा आला म्हणून नदीत सोडणारे लोक नकळत मोठे नुकसान करतात.

यातून गळवाल्यांनी घेतलेला नियम सोपा आहे. स्थानिक लहान मासा लागला तर हात ओले करून गळ काढावा आणि तो लगेच त्याच पाण्यात सोडावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला बुरशी लागते. एका तलावातला जिवंत मासा दुसऱ्या तलावात किंवा विहिरीत नेऊन सोडू नये. कासव गळाला लागले तर दोरी कापून, शक्य असेल तर गळ काढून ते सोडावे. गोड्या पाण्यातली आपली कासवे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत.

परवानगी कोणाची लागते?

‘तलाव सरकारी, म्हणजे सगळ्यांचा’ हा युक्तिवाद काठावर हमखास ऐकू येतो. तलाव पाटबंधारे विभागाचा, जिल्हा परिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा असला तरी मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. बोटुकली त्या संस्थेने सोडलेली असते. न विचारता गळ टाकणे म्हणजे तिच्या सभासदांच्या ताटात हात घालणे. आधी विचारले, पकडलेल्या माशाचे पैसे दिले, तर बहुतेक ठिकाणी वाद होत नाही. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी मासेमारांची संघटना काम करते. ग्रामीण भागात अशी व्यवस्था फारशी नाही, म्हणून समजूतदारपणा हाच परवाना.

मायणी परिसर पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव म्हणून घोषित झालेला आहे. अशा क्षेत्रातल्या पाणवठ्यांवर वन विभागाला विचारल्याशिवाय गळ टाकू नये. जिलेटीन, विषारी पावडर वापरून मासे मारणे हा सरळ गुन्हा आहे. पाण्यात वीजप्रवाह सोडणारे तर स्वतःचाही जीव धोक्यात घालतात. या पद्धतींनी मोठ्या माशासोबत पिल्लेही मरतात आणि तो डोह पुढची काही वर्षे मुका होतो.

काठावरचे धोके कोणते?

उन्हाळ्यात तलावातून गाळ आणि मुरूम काढला जातो. शेतासाठी ते चांगलेच, पण त्या खड्ड्यांचा तळ पावसानंतर दिसत नाही. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल जाऊ शकतो. अडकलेला गळ सोडवायला अनोळखी पाण्यात उतरू नये. गळ काही रुपयांचा असतो. योजनांच्या अस्तरीकरण केलेल्या कालव्यात घसरले तर शेवाळलेल्या उतारावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणे अवघड जाते.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजांचा धोका असतो. आजच्या बऱ्याच काठ्या कार्बनच्या असतात आणि त्यातून वीज वाहते. गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून पाण्यापासून आणि एकट्या झाडापासून दूर जावे. विजेच्या तारांखाली काठी फेकू नये. शिंगाळ्याचा काटा बोटात गेला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. सूज वाढली तर डॉक्टरकडे जावे.

वर्षअखेरीस हाती काय उरते?

अनुभवी गळवाले एक गोष्ट आवर्जून सांगतात : वही ठेवा. तारीख, वेळ, वारा, पाण्याची पातळी, पाण्याचा रंग, आमिष आणि काय लागले याची. मोबाइलवर लिहिले तरी चालेल. त्यात रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसांची नोंद सर्वात मोलाची, कारण मासा का लागला हे नशिबावर ढकलता येते, पण सलग पाच वेळा का लागला नाही याचे कारण शोधावेच लागते. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की त्यातून तलावाची तब्येतही कळते. पूर्वी लागणारी एखादी जात तीन वर्षे दिसली नाही, ही माहिती कधी कधी फक्त अशा वहीतच असते.

शेवटचा धडा मात्र एकट्याच्या वहीत मावणारा नाही. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत महसीर टिकून आहेत, कारण तिथे ते देवीचे मासे मानले जातात आणि कोणी त्यांना हात लावत नाही. लोणावळ्याजवळ वळवणच्या केंद्रात टाटा पॉवरने महसीरची पिल्ले वाढवण्याचे काम १९७०च्या दशकापासून केले. एका ठिकाणी श्रद्धेने, दुसऱ्या ठिकाणी विज्ञानाने मासा राखला गेला. पण दोन्हीकडे कोणीतरी ठरवले होते.

औंधला तर ठरवण्याची मोठी परंपरा आहे. जानेवारी १९३९ मध्ये या छोट्या संस्थानाने राजाचे अधिकार प्रजेकडे सोपवले आणि गावचा कारभार गावच्या पंचायतीने पाहावा, असा प्रयोग केला. त्याच मुलखातल्या गावांना आज एक छोटा ठराव सहज करता येईल : गावच्या हद्दीतला एक डोह एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत बंद. जाळे नाही, गळ नाही. येरळेत किंवा माणगंगेत असा एक जरी डोह राखला गेला, तर पहिल्या पुरात तिथूनच मासा वर-खाली पसरेल. त्यानंतर गळ टाकायला दिवाळीपासूनचे अख्खे मोकळे दिवस आहेतच.